भिंतीआडचा दोष आणि गृहस्थाचे दायित्व

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सोयीसाठी करावयाच्या कामाला दुसऱ्याची परवानगी का लागावी, हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसत असला तरी त्याचे मूळ कर्तव्याकर्तव्याच्या विचारात, म्हणजेच धर्मविचारात आहे. दिवा, पंखा, फ्यूज वा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून घरातील नवे वायरिंग किंवा जुन्यातील फेरबदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून घ्यावेत, हा दंडक 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत होता, आणि 2003 च्या विद्युत अधिनियमानंतर आलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही तो कायम राहिला. महाराष्ट्रात वायरिंग करणाऱ्या कारागिराला शासकीय भाषेत 'तारतंत्री' म्हणतात व त्यालाही परवाना लागतो. नळजोडणी आणि मलवाहिनीच्या कामासाठीही अनेक महानगरपालिका परवानाधारक प्लंबरचा आग्रह धरतात. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ गृहस्थ ओळखीच्या मिस्त्रीकडून काम उरकून घेतात आणि चाचणी अहवालावर सही तेवढी एखाद्या परवानाधारकाची मिळवतात. हा केवळ नियमभंग आहे की अधर्मही आहे, हे येथे तपासावयाचे आहे.

या नियमांविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात मोडकळीस आलेल्या पुलाचे उदाहरण घेतले असून, पूल कोसळणे निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्यावरून जाऊ पाहणाऱ्या जाणत्या माणसाला धोक्याची सूचना द्यावी, पण बळाने अडवू नये, असा निर्वाळा दिला आहे. हा न्याय घराला लावला तर मालकाला सावध करणे पुरेसे ठरेल. परंतु या युक्तिवादात धोका पत्करणारा आणि धोका भोगणारा एकच माणूस असतो हे गृहीत धरलेले आहे, आणि भिंतीआडच्या तारा व नळ यांच्या बाबतीत नेमके तेच खरे नसते. स्विच फेजच्या तारेवर बसवण्याऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवला, तरी बटण दाबताच दिवा लागतो व विझतो, त्यामुळे काम बिनचूक झाल्यासारखे वाटते. होल्डरमध्ये मात्र वीज तशीच जिवंत राहते आणि कित्येक वर्षांनी दिवा बदलायला स्टुलावर चढणारा भाडेकरू त्या चुकीची किंमत मोजतो. सांडपाण्याच्या नळाची गोष्ट याहून व्यापक आहे. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचा संसर्ग तीनशेहून अधिक रहिवाशांना झाला, तेव्हा न्हाणीघरातील जाळीखालचे ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून गटारातील हवा अडवणारे वळणदार नळ, कोरडे पडलेले आढळले व मलवाहिनीतील दूषित तुषार त्यांतून घरांत शिरले असावेत, असा निष्कर्ष तपासात निघाला. ज्यांना बाधा झाली त्यांनी कोणताही धोका जाणून पत्करला नव्हता, म्हणून मिलचा युक्तिवाद मान्य करूनही येथे तो लागू पडत नाही.

नकळत होणाऱ्या इजेचा हा प्रश्न भारतीय धर्मशास्त्राला अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, ज्यांना 'पंचसूना' म्हणतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी रोजच्या व्यवहारात सूक्ष्म जीव मरतात, मारण्याचा हेतू कोणाचाही नसतो, तरीही त्याचा दोष गृहस्थाला लागतो व तो फेडण्यासाठी त्याने नित्य पंचमहायज्ञ करावेत, अशी ही व्यवस्था आहे. अग्नी आणि पाणी ही दोन्ही या यादीत असावीत हे लक्षणीय आहे, कारण घर चालते ते त्यांच्या बळावर आणि घरातून अपाय संभवतो तोही त्यांच्यापासूनच. मात्र पंचसूनेचा विचार दोष घडल्यानंतरच्या परिमार्जनाचा आहे. जीव गेल्यानंतरचे प्रायश्चित्त कर्त्याला शुद्ध करीत असेल, पण ज्याचा जीव गेला त्याच्या ते उपयोगी पडत नाही.

अपाय घडण्यापूर्वीच तो टाळण्याचे बंधन यहुदी परंपरेत अधिक स्पष्टपणे मांडलेले दिसते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजालाही पवित्र असलेल्या तोरामध्ये, 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, नाहीतर तेथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घराला लागेल, अशी आज्ञा आहे. बाराव्या शतकातील धर्मशास्त्री मायमोनिडीझ याने ही आज्ञा कठड्यापुरती मर्यादित न ठेवता विहिरीसारख्या जिवाला धोका असलेल्या प्रत्येक गोष्टीला लागू केली. कठडा सर्वांना दिसतो. गाडलेली तार किंवा नळ दिसत नाही, आणि म्हणूनच जाणकाराने केलेली तपासणी हे या आज्ञेचे आजचे स्वरूप ठरते.

तपासणीचे सार कशात आहे, हे समजण्यासाठी मीमांसाशास्त्रातील 'नियमविधी' ही संकल्पना उपयोगी पडते. एखादे प्रयोजन अनेक मार्गांनी साधणे शक्य असताना त्यांपैकी एकच मार्ग घ्यावा असे सांगणाऱ्या वचनाला नियमविधी म्हणतात. यज्ञासाठी लागणाऱ्या भाताचे तूस नखांनीही काढता येते, तरी ते कांडूनच काढावे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तूस निघणे हे तेथे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे फळ आहे, आणि कांडण्याचाच नियम पाळल्याने त्याखेरीज अदृष्ट फळही मिळते, असे मीमांसक मानतात. परवानाधारकाकडूनच काम करून घ्यावे हा नियमही अनेक मार्गांतून एक निवडणारा आहे, पण त्याचे फळ संपूर्णपणे दृष्ट आहे: तारांचे आवरण मेगर नावाच्या उपकरणाने तपासले जाणे, अर्थिंग म्हणजे गळणाऱ्या विजेला जमिनीत नेणारी जोडणी मोजली जाणे, टाइल्स बसण्यापूर्वी नळांत दाब देऊन गळती पाहिली जाणे. ही कामे न करता केवळ सही घेतली, तर दृष्ट फळ मिळत नाही आणि अदृष्ट फळाची तर तेथे सोयच नाही. शिक्क्याचे कर्मकांड पार पडले, पण भात कांडलाच गेला नाही, अशी ती अवस्था होते.

अशा वेळी दोष कोणाचा, याचे उत्तर पतंजलींच्या योगसूत्रांत सापडते. दुसऱ्या पादात हिंसेसारख्या दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदित म्हणजे संमती दिलेले, आणि त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध वा मोह असतो, असेही म्हटले आहे. घाईने चुकीची जोडणी करणारा तारतंत्री कृत दोषाचा, पैसे वाचवण्यासाठी त्याला घाई करायला लावणारा गृहस्थ कारित दोषाचा आणि न पाहता सही करणारा ठेकेदार किंवा निरीक्षक अनुमोदित दोषाचा धनी होतो. पातळ तार वापरण्यामागे लोभ असतो. आजवर काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, या समजुतीमागे मोह असतो. कामाची विभागणी झाली म्हणून दायित्वाची विभागणी होत नाही, हा या वर्गीकरणाचा खरा आशय आहे.

अनेक ठिकाणी परवाने मिळवताना विलंब होतो, खेटे घालावे लागतात, चिरीमिरी मागितली जाते, आणि ही तक्रार रास्तच आहे. परंतु कार्यालय आपले कर्तव्य चुकले म्हणून शेजाऱ्याच्या जिवाविषयीचे गृहस्थाचे कर्तव्य संपत नाही, उलट तपासणी प्रत्यक्षात झाली की नाही हे पाहण्याचा भार त्याच्यावर अधिकच येतो. म्हणून प्लास्टर चढण्यापूर्वी आणि टाइल्स बसण्यापूर्वी गृहस्थाने स्वतः हजर राहून चाचण्या करवून घ्याव्यात, त्यांची मोजमापे कागदावर घ्यावीत आणि तो कागद घरात पुढे राहायला येणाऱ्याच्या हाती द्यावा. एवढे करणाऱ्याने नियम आणि धर्म दोन्ही पाळले. केवळ सही मिळवणाऱ्याने दोन्हींपैकी एकही पाळला नाही.