मैत्रीला बरोबरी हवी का?



दोघांमध्ये फारच अंतर असेल तर मैत्री टिकत नाही, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. सेमिनरीत शिकताना आम्हांला ते पटले होते. आता तितकेसे पटत नाही.

१९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील एका गरीब कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवले. कारकून रामानुजन देवभक्त, कडक शाकाहारी. हार्डी निरीश्वरवादी, क्रिकेटवेडे. हार्डींनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकले नाही. १९१४ साली रामानुजन केंब्रिजला गेले आणि जवळजवळ पाच वर्षे तिकडे राहिले. दोघांनी मिळून मोठे काम केले.

मात्र रामानुजन कोणती पुस्तके वाचून शिकले, एवढी साधी गोष्ट हार्डींनी कधी विचारली नाही. ते रोज नवी प्रमेये दाखवत. मागचे विचारायला सवड कुठली? १९२० साली, ३२व्या वर्षी रामानुजन वारले. पुढे हार्डींनी याबद्दल खेद व्यक्त केला.

म्हणजे अंतर ओलांडता येते. पण नुसते काम पाहून माणूस कळत नाही. त्यासाठी विचारपूस करावी लागते.

आमच्या चर्चचे आवार झाडणाऱ्या काकांना आम्ही रोज नमस्कार करतो. त्यांचे गाव कोणते, हे मात्र परवा प्रथमच विचारले. झाडू भिंतीला टेकवून काका अर्धा तास बोलत राहिले. आम्हांला आनंद झाला, आणि लाजही वाटली.

आपल्या घरी, वाडीत रोज राबणाऱ्या एकाला तरी या आठवड्यात आपण विचारू या का?