ओरिजिनल की डुप्लिकेट?

तत्त्वज्ञ मंडळींना 'मी कोण?' हा प्रश्न पडतो. आमच्या सौ.ना 'आज भाजी काय करू?' हा पडतो. मला वयाच्या बाराव्या वर्षी जो प्रश्न पडला आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षीही सुटलेला नाही, तो मात्र मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. ऑपेरा हाउसजवळ मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्या दुकानाच्या शेठनं काउंटरवर कोपर टेकून तो विचारला होता :

"साहेब, ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट?"

पण आधी गाडीबद्दल सांगितलं पाहिजे. १९८७ साली आमच्या अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून सेकंडहॅंड फियाट घेतली. गाडी शहात्तर सालची, जन्म कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातला. १९७४ साली कंपनीनं या गाडीचं नाव बदलून पद्मिनी ठेवलं होतं खरं. पण सासरी नाव बदललं म्हणून माहेरची माणसं थोडीच हाक बदलतात? आमच्या गिरगावातल्या चाळीच्या दृष्टीनं ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. इंजिन १०८९ सी.सी.चं. त्यातले वरचे ८९ नुसता आवाज करण्यासाठी असावेत असा माझा लहानपणीचा समज होता.

ही गाडी दर महिन्याला एकेक अवयव टाकायची. मग शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून आलेले अण्णा तो अवयव वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि मला बरोबर घेऊन चालत ऑपेरा हाउसला जायचे. जुना भाग 'नमुना' म्हणून नेणं आवश्यक असे. मुलीची पत्रिका घेऊन स्थळं बघत हिंडावं तसे आम्ही कधी डेल्कोची टोपी, कधी वॉटर पंपाचं बुश घेऊन त्या गल्लीत हिंडत असू. तिथून हाकेच्या अंतरावर हिऱ्यांचा बाजार होता. तिथंही म्हणे हाच प्रश्न विचारत, फक्त हळू आवाजात.

दुकान म्हणजे एक बोगदाच होता. रुंदी दोन माणसांची, खोली विचारू नका. छताला फॅनबेल्ट पडवळासारखे लोंबत. भिंतीभर लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे ते कळावं म्हणून एकेक वस्तू तारेनं बांधलेली. ग्रीस, रबर आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास होता. तो मला अजूनही कधीकधी देवळात गेल्यावर आठवतो, आणि मी चटकन हात जोडतो ते नक्की कुणाला, हे सांगता येत नाही. पोटमाळ्यावर एक पोरगा असे. शेठ मान वर न करता नंबर पुकारायचा आणि वरून तो भाग खाली यायचा. शेठ तो झेलायचा. झेल सुटलेला मी पाहिला नाही.

आणि कॅटलॉग! काउंटरच्या एका टोकाला तो असायचा, पुठ्ठ्याला पट्टी मारलेला, पानांच्या कोपऱ्यांवर दुकानातल्या दोन पिढ्यांचे काळे अंगठे उमटलेले. पान उघडलं की सगळा गिअरबॉक्स हवेत सुटा झालेला. प्रत्येक चाक, प्रत्येक पिन, प्रत्येक वॉशर आपापल्या जागेपासून थोडा सरकून उभा, मधून तुटक रेघा, शेजारी नंबर. अपघात झाल्यावर गाडी अशी दिसते, अशी मी प्रथम समजूत करून घेतली होती. पुढं कॉमर्सला ताळेबंद शिकलो तेव्हा मला तो कॅटलॉग आठवला. कुणी कुणाच्या आधारानं उभं आहे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी पुस्तकं मी पाहिलेली नाहीत. चार पैशांचं वॉशर आणि शंभर रुपयांचा गिअर, दोघांनाही तिथं एकेकच नंबर. आमच्या बँकेत हे अजून जमलेलं नाही.

तर तो प्रश्न. १९९१ सालचा मे महिना. कोल्हापूरला अंबाबाईला जायचं ठरलेलं. म्हणजे वाटेत खंडाळ्याचा घाट. मेकॅनिकनं सांगितलं, चारी चाकांचे ब्रेकचे वॉशर गेलेत, किट बदला. आईनं अण्णांना बजावलं, "काय लागतील ते पैसे लागोत, वस्तू ओरिजिनल आणा. पोरं आहेत गाडीत."

शेठनं दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. ओरिजिनल १८० रुपये, डुप्लिकेट ७०. अण्णांनी दोन्ही डब्यांतलं रबर दाबून पाहिलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला. मग खिशात हात घातला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. त्याच आठवड्यात माझ्या शाळेची फी भरली होती, हे मला माहीत होतं. शेवटी त्यांनी सत्तर रुपये मोजले. शेठनं पैसे गल्ल्यात टाकले, आणि एका डॉक्टरला शोभेल अशा मृदू आवाजात म्हणाला, "घरी दाखवायला डबी ओरिजिनलची देऊ?"

म्हणजे हे विचारायची पद्धत होती! त्या खणांत रिकाम्या डब्यांचाही एक खण होता. उभ्या मुंबईतल्या किती तीर्थरूपांनी त्यातून डब्या नेल्या असतील ते तो शेठच जाणे.

अण्णा काही बोलले नाहीत. डबी घेतली. बाहेर आल्यावर त्यांनी मला गोल्ड स्पॉट पाजला. न मागता. मी तो प्यायलो आणि त्या क्षणापासून कटात सामील झालो.

घाटात मी रस्त्याकडे बघितलंच नाही. अण्णांच्या उजव्या पायाकडे बघत होतो. आई मात्र निर्धास्त झोपली होती. तिचा त्या डबीवर विश्वास होता. ब्रेक लागले. जाताना लागले, येताना लागले, पुढं कित्येक वर्षं लागले. उलट नंतर बोनस मिळाल्यावर घेतलेला अस्सल ओरिजिनल वॉटर पंप तीन महिन्यांत गेला. डबीत आई अजून मोहरी ठेवते.

आता सांगा, अण्णा चुकले का? मी रोज काउंटरवर बसतो. खोटी नोट आली की तिच्यावर 'बनावट' असा शिक्का मारायचा, पावती द्यायची आणि नोट जप्त करायची, हा नियम. समोरचा माणूस कळवळून म्हणतो, "अहो, कालच मला भाजीवाल्यानं दिली!" बिचाऱ्याचं खरं असतं. त्या नोटेनं माझ्यापर्यंत येईतो खरी भाजी आणलेली असते, खरं औषध आणलेलं असतं. ती खोटी ठरते ती माझ्या काउंटरवर. ज्या गरिबाच्या हातात ती शेवटी सापडली, त्याचे पैसे गेले. शिक्का मारताना माझा हात कधी थरथरला नाही. पण घरी मोहरीची डबी दिसली की थरथरतो. वॉशर खोटा होता की डबी खोटी होती? खोट्या वॉशरनं खरा ब्रेक लावला. खरी डबी मात्र तेवढी खोटं बोलली.

हे सगळं आठवायचं कारण, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वीस वर्षांची मुदत भरली. बँकेत दिवसभर हळहळ. 'काय गाडी होती!' 'काय ती दुकानं, काय ते शेठ लोक!' हळहळणाऱ्यांत मीही पुढं होतो. मग दुपारच्या डब्याला विचार केला, की गाडी ऐन पावसात बंद पडायची. शेठ डाव्या बाजूचा भाग उजव्याचा म्हणून द्यायचा आणि परत घेऊन गेलं की ओळख दाखवायचा नाही. आणि टॅक्सीवाला आपल्याला हव्या त्या दिशेला कधी आलाय? आमच्या आठवणींचंही त्या डबीसारखंच असावं. आत माल कुठला ते घातलेल्यालाच ठाऊक. तरी शेठबद्दल एक गोष्ट ओरिजिनल आठवते : तो विचारायचा. दोन्ही डब्या समोर ठेवायचा आणि विचारायचा. आता फोनवर बोट टेकवलं की वस्तू दारात येते. प्रश्न येत नाही.

असं मी समजत होतो. गेल्या वर्षी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळात एका मुलीनं काउंटरवर माझ्यापुढं गुळगुळीत कॅटलॉग उघडला. त्यात डोळा हवेत सुटा झालेला, मधून तुटक रेघा, शेजारी लेन्स, खाली किमती. "काका, इंडियन घालायची की इम्पोर्टेड?" मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून स्वस्त आणि उत्तम लेन्स करते आणि त्या जगभर जातात, हे मी वाचलेलं होतं. डॉक्टरही म्हणाले, दोन्हींनी सारखंच दिसेल. पण आईनं निघताना बजावलं होतं, "काय लागतील ते लागोत, बाहेरचीच घाला." आणि त्याच आठवड्यात मी मुलीची फी भरलेली.

माझा हात खिशात बराच वेळ राहिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अण्णांनी खिडकीतून रस्ता पाहिला, समोरच्या दुकानाची पाटी अक्षर न अक्षर वाचून दाखवली. मग आईनं विचारलं, "कुठली घातलीस रे?"

"इम्पोर्टेड," मी म्हणालो.

अण्णांनी नव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "अस्सं," ते म्हणाले. "डबी दाखव बघू."

"कसली डबी?" आई म्हणाली.

"काही नाही," आम्ही दोघंही म्हणालो.