खडखड कोठून येते?

(स्तोत्र १३९ : २३, २४)

वर दिलेल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता देवाजवळ एक कठीण मागणे मागतो. देवाने आपणास निर्दोष ठरवावे असे तो म्हणत नाही. आपल्या अंतर्यामाची तपासणी व्हावी आणि तेथे जे वाईट दडलेले असेल ते उघडकीस यावे, असे तो विनवितो. ही तपासणी कशी करावयाची हे समजावे म्हणून आज आम्ही एका जुन्या मोटारीचा दृष्टांत घेतो.

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ह्या नावाची मोटार तयार होऊ लागली. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने प्रसिद्ध झाली. हिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरांचे. काळीपिवळी टॅक्सी होऊन तिने मुंबईकरांची अनेक वर्षे सेवा केली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहरात ती टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. तथापि हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी आजही कोठे कोठे दृष्टीस पडतात. अशा म्हाताऱ्या इंजिनातून एखादे दिवशी खडखड असा आवाज येऊ लागतो, आणि तो कोठून येतो हे धन्याला कळत नाही.

अशा वेळी मनुष्य दोन चुका करितो. कोणी अधिक दाट तेल ओतून आवाज दडपितो. बैलगाडीचा कणा झिजला असता नुसते वंगण चोपडून बाजार गाठणाऱ्यासारखेच हे आहे. आवाज थांबतो, झीज थांबत नाही. दुसरा घाबरून सगळे इंजिनच उकलावयास लावितो, मग दोष बाहेरच्या एका बोल्टात का असेना. पहिला आपली मोटार गमावितो, दुसरा आपला पैसा.

जाणता मिस्त्री ह्या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तो प्रथम प्रश्न विचारितो: आवाज कधी येतो? इंजिन थंड असता येऊन तापल्यावर नाहीसा होतो काय? मग पिस्टन सिलिंडरात सैल झाला असावा. चढावर, भार पडल्यावर येतो काय? मग ठिणगी वेळेच्या आधी पडत असावी, किंवा आतली बेअरिंग झिजली असावी. क्लचचे पेडल दाबताच बदलतो काय? मग शोध इंजिनात नव्हे, क्लचपाशी केला पाहिजे. टकटक अशी हलकी व वरून येते काय? मग टॅपेटचे अंतर मोजून पाहावे.

त्यानंतर तो एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, त्याचे टोक इंजिनाच्या अंगाला लावितो आणि मूठ आपल्या कानाशी धरितो. असे करण्याचे कारण आहे. लोखंडातून आवाज दूरवर जातो. उगम एकीकडे असतो आणि घुमतो दुसरीकडे. नुसत्या कानाने जो ठिकाण ठरवील तो फसेल.

शेवटी तो एकेक वस्तू वेगळी करितो. पंख्याचा पट्टा काढून इंजिन क्षणभरच चालवितो, कारण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. आवाज थांबला तर दोष डायनॅमो, पंप किंवा त्यांच्या आधारांत आहे. थांबला नाही तर पट्टा परत चढवून एकेका सिलिंडराची ठिणगी बंद करून पाहतो. ज्याची बंद करिताच ठोका मंदावतो, त्याच्या बेअरिंगवर संशय धरितो. अशा रीतीने शोध केला असता कधी डायनॅमोच्या आधाराचा एक ढिला बोल्ट सापडतो, तो आवळला की काम झाले. परंतु कधी बेअरिंगच झिजलेली निघते आणि तेलाचा दाबही उतरलेला असतो. मग मात्र तो मोटार एक कोसही चालवू देत नाही. कारण तशीच रेटली तर आतला क्रँकशाफ्ट खराब होईल. जी परीक्षा एकाला निर्दोष ठरविते, तीच दुसऱ्याला दोषी ठरविते. म्हणून परीक्षेपूर्वी निकाल देऊ नये.

आता हे आपल्या घरांस व मंडळ्यांस लावू या. आम्ही असे घर पाहिले आहे की जेथे रोज सायंकाळी भांडण होई, आणि सर्व गाव म्हणे की सून तोंडाळ आहे. तिला माहेरी पाठविण्याचे ठरत होते. सावकाशपणे विचारपूस केली तेव्हा असे दिसले की भांडण बाजाराच्या दिवशीच वाढते. आणि अखेर कळले की घरधन्याने सावकाराचे कर्ज घरापासून लपविले होते. बाजाराहून तो रिकाम्या हाताने येई, आणि पीठ नाही असे सांगण्याचे काम सुनेकडे येई. आवाज तिच्या तोंडून निघे, उगम त्याच्या मौनात होता. ती माहेरी गेली असती तर एक निरपराध मुलगी घराबाहेर पडली असती, आणि कर्ज जागच्या जागी राहिले असते.

ह्याकरिता, उपदेशक बंधूंनो, तंटा मिटवावयास जाल तेव्हा जो मोठ्याने बोलतो त्यालाच प्रथम दोषी धरू नका. केव्हापासून, कोणत्या वेळी, कशाचा भार पडला असता, हे विचारा. एकेकाशी एकांतात बोला. तंटा थोडा असेल तर सर्व मंडळीसमोर त्याचा बभ्रा करू नका. आणि दोष मुळाशी असेल तर गोड बोलण्याचे वंगण लावून परत फिरू नका.

आणि आपणा प्रत्येकास हे की, आपल्या मनाचे मिस्त्री आपणच होऊ गेलो तर स्वतःचा दोष शेजाऱ्याच्या घरात घुमतो असे आपणास वाटेल. म्हणूनच स्तोत्रकर्त्याने ही तपासणी देवाच्या हाती दिली. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून ती दोन वचने वाचावी, आणि मग क्षणभर स्वस्थ बसून ऐकावे.