वर्गाचं रक्षण कुणी करायचं?

मार्च २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका हायस्कूलचा तास झूमवर चालू होता. मध्येच एक अनोळखी माणूस आत शिरला, त्याने शिवी हासडली आणि शिक्षकांच्या घराचा पत्ता ओरडून सांगितला. त्याच राज्यातल्या दुसऱ्या शाळेच्या बैठकीत घुसलेल्याने अंगावर गोंदलेली नाझींची स्वस्तिकं कॅमेऱ्यासमोर धरली. ३० मार्चला एफबीआयच्या बोस्टन कार्यालयाने या घटना सांगून शाळांना सावध केलं.

डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या बैठकांत दिवसाला फार तर १ कोटी हजेऱ्या लागत. कोरोनामुळे सगळं घरात बंद झालं आणि मार्चमध्ये तो आकडा २० कोटींवर गेला. कचेऱ्यांसाठी उभारलेल्या जागेत मुलांची शाळा भरू लागली. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने एप्रिलमध्ये झूमला मनाई केली, ती मे महिन्यात उठवली. सिंगापूरमध्ये भूगोलाच्या तासाला अश्लील चित्रं झळकली, मुलींना उद्देशून घाणेरडं बोललं गेलं. तिथल्या शिक्षण मंत्रालयानेही वापर थांबवला. भारताच्या गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं सांगत सूचना काढल्या. झूमनेही पासवर्ड आणि वेटिंग रूम, म्हणजे यजमानाने आत घेईपर्यंत थांबायची जागा, आपोआप चालू राहील अशी सोय केली.

या सगळ्या बंदोबस्ताने एक गोष्ट धरूनच चाललं होतं: धोका बाहेरून येतो.

बिंगहॅम्टन आणि बोस्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० च्या पहिल्या सात महिन्यांत ट्विटर आणि फोरचॅन या निनावी चर्चास्थळावर पडलेल्या, अनोळखी लोकांना बैठका उधळायला बोलावणाऱ्या आमंत्रणांचा अभ्यास केला. बहुतेक आमंत्रणं आतल्याच माणसांनी दिली होती, त्यातही हायस्कूल आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी. लिंक आणि पासवर्ड तेच पुरवत. वर्गातल्या कुणाचं नाव लावून आत यायचं, हेही काही जण सांगून ठेवत. मग वेटिंग रूममध्ये ओळखीचं नाव पाहून शिक्षकांनी संशय तरी कसा घ्यावा?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकॉन लिडियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाचा खून करून राज्य बळकावतो. पकडले जाण्याची भीती गेली की सज्जनही असंच वागेल, असा ग्लॉकॉनचा दावा. या घटनांनी तो खरा ठरवला, असं वाटणं साहजिक आहे. पण वर्ग उधळायला एकच मूल पुरतं. उरलेल्या सगळ्यांच्या हातातही तीच लिंक होती आणि त्यांनी ती कुणाला दिली नाही. त्यांच्यावर कुणाची नजर नव्हती. ग्लॉकॉनच्या हिशेबात ही मुलं बसत नाहीत.

म्हणूनच सगळ्यांचे कॅमेरे सक्तीने चालू ठेवण्याचा उपाय अन्यायाचा आहे. एका खोलीत राहणाऱ्या मुलाचं अख्खं घर त्याने वर्गापुढे उघडं पडतं, आणि ज्यांनी विश्वास मोडला नाही त्यांनाही गुन्हेगाराच्या रांगेत उभं केलं जातं.

कठोपनिषदाच्या शांतिमंत्रात गुरू आणि शिष्य रक्षण मागतात ते दोघांचं मिळून, आणि आपसात द्वेष नसावा अशी इच्छा करतात. महाराष्ट्रात अनेक शाळांमध्ये तो म्हटला जातो. रक्षण ही एकट्या शिक्षकाची राखण नव्हे, असं त्यात स्पष्ट दिसतं. विद्यार्थीही त्यात तितकाच गुंतलेला असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या शिक्षकांना मुलांनी सांभाळायचं होतं, ही कल्पना शाळांच्या नियमावलीत सहसा नसते.

संशोधकांनी सुचवलेला उपाय या विचाराच्या जवळ जातो: प्रत्येकाला त्याची स्वतंत्र लिंक द्यावी. घरात डोकावावं लागत नाही, आणि बाहेर गेलेली लिंक कुणाची होती हे कळतं. मात्र ती चेष्टेपायी दिली, मित्रांच्या दबावाखाली दिली की शिक्षकावरच्या रागातून, हे लिंकवरून कळत नाही. ते त्या मुलाशी बोलूनच समजून घ्यावं लागतं, आणि त्या बोलण्यात चारचौघांत घराचा पत्ता फुटलेल्या शिक्षकांचं काय झालं असेल, हा प्रश्नही त्याच्यापुढे ठेवावा लागतो.