तारेचं दुसरं टोक

दिवाळीला भाचा आला होता. जेवण झाल्यावर हात धुवायला तो मागच्या अंगणात गेला आणि तिथे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघत म्हणाला, "मामा, या लोखंडात तुमचा जीव एवढा का अडकलाय?"

बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी ते मला लागलं आणि महिना झाला तरी आत ठसठसतंय. कारण त्याच्या आधी आठच दिवस आमच्या खंड्याचा जीव खरोखर अडकला होता. दोन रात्री, ओढ्याकाठच्या करंजाच्या बुंध्याला बांधलेल्या तारेत. या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच क्रियापदाने सांगाव्यात, हे मला सहन होईना.

खंड्या साधा गावठी कुत्रा. कुत्र्याच्या इमानाविषयी मी काही सांगायला बसलेलो नाही. युधिष्ठिरामागून हिमालयात चालत गेलेला कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे आणि रायगडावरच्या वाघ्यावरून आपण किती भांडलो तेही. मला सांगायचंय ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला तेव्हा त्याच्या कमरेभोवती मोटारसायकलच्या क्लचची तार होती आणि तो शांत बसलेला होता.

फास डुकरासाठी लावलेला. आमचं रान चांदोलीच्या जंगलाच्या खालच्या अंगाला, वारणेच्या खोऱ्यात. भात, ऊस, थोड्या शेंगा. डुकरांचा कळप एका रात्रीत शेंगांचा वाफा नांगरल्यासारखा उलथून टाकतो. डुकराची एक सवय असते. कुंपणाच्या ज्या भगदाडातून ते एकदा आत आलं, तिथूनच पुन्हा येतं. त्या भगदाडात तारेचा सरकता फास टांगायचा, दुसरं टोक झाडाला बांधायचं आणि घरी जाऊन झोपायचं. बस, एवढंच काम. तार माझ्याच छपरातून गेली होती. पावसाळ्यात शेजारी म्हणाला, "दादा, एखादी जुनी केबल असली तर द्या." मी खुंटीवरची काढून दिली. कशाला हवी, हे विचारलं नाही.

सरकता फास ओढला की आवळतो आणि आपणहून कधी सैल होत नाही. अशा फासात बिबट्या सापडला की तो उसळ्या मारतो, तार मांसात रुतत जाते. वनखात्याची माणसं बेशुद्धीची सुई घेऊन पोहोचेपर्यंत आत बरंच तुटलेलं असतं. खंड्याने मात्र भोवतालची माती उकरली होती, बुंध्याची साल कुरतडली होती, पण तार ताणली नव्हती. मी पक्कड घेऊन वाकलो तेव्हा त्याने शेपूट हलवलं, एकदाच.

तो का बसून राहिला याचा मी खूप विचार केला. साखळीची सवय, हे उत्तर खरंच आहे. गळ्यात काही असलं की ओढून उपयोग नाही, हे तो पिल्लू असतानाच शिकला. पण साखळी म्हणजे तरी त्याच्या लेखी काय? जिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे आणि उजाडलं की ते येऊन सोडतं, अशी वस्तू. रानातल्या जनावराला दोरीचं दुसरं टोक ठाऊकच नसतं. म्हणून ते ओढतं आणि मरतं. खंड्या वाट बघत बसला, म्हणून जगला.

इथून मला माझा जुना, आवडता फरक पुन्हा सापडला. जीव गुंततो आणि जीव अडकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंता सुताचा असतो, फास तारेचा. गुंता सोडवता येतो, फास कापावा लागतो. पण याहून महत्त्वाचं म्हणजे गुंतायला दोघं लागतात. लेकराचा जीव आईत गुंततो तेव्हा आईचाही गुंतलेला असतो. अडकायला एकटा पुरतो, तिथे समोर कुणीच नसतं. भाच्याला मी हेच सांगितलं. म्हटलं, "तू शब्द चुकीचा वापरलास. माझा जीव ट्रॅक्टरमध्ये अडकलेला नाही, गुंतलाय."

ट्रॅक्टर एचएमटीचा, २५११. पंचवीस अश्वशक्ती, दोन सिलिंडर, मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा. सत्तरच्या दशकात हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर बनायला लागले. वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ ज्या कंपनीचं, तिचाच ट्रॅक्टर दारात आला, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं. ट्रॅक्टरचा तो कारखाना बंद करायचं सरकारने २०१६ साली ठरवलं. तेव्हापासून सुटा भाग हवा असला की भंगारवाल्यांकडे हिंडायचं, नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्यायचा.

टाकीतलं डिझेल अगदी तळाला जाऊ दिलं की इंजिन हवा धरतं. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, पांढरट, फसफसणारा. तो संपून डिझेलची सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. मग पुढे नोझलच्या नळ्यांचे नट, एकेक करून. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत सेल्फ मारला तर उचलत नाही, म्हणून ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून ठेवायचा. नांगर खडकाला लागला तर हाताला कळायच्या आधी आवाजाला कळतं. हे सगळं अंगात मुरायला मला पंधरा वर्षं लागली. नव्या ट्रॅक्टरवर बसून माणूस फोनवर बोलू शकतो. याच्यावर बसून नाही. हा माणसाला हजर राहायला लावतो.

भाच्याने ऐकून घेतलं. तो कृषी पदवीधर आहे, उथळ नाही. त्याने हिशेब मांडला. दुरुस्तीला वर्षाकाठी जातं त्यात नव्याचे किती हप्ते भरतात, पॉवर स्टीअरिंग नसल्याने माझ्या खांद्याचं काय झालंय, आणि बांधावरून उलटला तर डोक्यावर सळईचा सांगाडासुद्धा नाही. यातलं एकही मला खोडता आलं नाही. या बनावटीच्या काळातले किती ट्रॅक्टर ओढ्यात उलटले आणि कोण कोण त्यांच्याखाली गेलं, ते माझ्या पिढीला चांगलं आठवतं. जुनं म्हणून चांगलं, असं मी कधीच म्हणणार नाही. माझा मुद्दा हजेरीचा होता, आणि तो मी सोडत नव्हतो.

या मुद्द्यासाठी मला फासेपारध्यांकडे जावं लागतं. फास ही मुळात नीच वस्तू नाही. एका अख्ख्या जमातीचं नाव तिच्यावरून पडलंय. पारधी तितरासाठी फासांची रांग मांडायचा, मध्ये पाळलेला तितर ठेवायचा आणि झुडपाआड बसून राहायचा. पाळलेल्या तितराने साद घातली की रानातला तितर भांडायला धावून यायचा. विदर्भातले गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या पावलाला पाऊल जुळवून, हरणाच्या जवळ सरकत. कुठल्या ऋतूत कोणता पक्षी कुठे उतरतो, त्याची हाक कशी, पिलं कधी, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. मारुती चितमपल्लींनी त्यांच्या या विद्येविषयी आदराने लिहिलंय. सरकारने मात्र पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. ज्या कायद्याची सुरुवात १८७१ मध्ये झाली तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं, आणि गावाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावरच जातात. हे मला फार डाचतं. ज्या माणसाचा फास त्याच्या डोळ्यांसमोर असायचा तो जन्मतः गुन्हेगार ठरला. आणि क्लचची तार टांगून घरी झोपणारे आम्ही सगळे शेतकरी.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणं आणि सापळ्यात पकडणंही येतं. आणि तारेला तर कळतही नाही की आलं ते डुक्कर, बिबट्या की कुणाचा तरी खंड्या. मी भाच्याला म्हणालो, "बघ, पारध्याच्या फासाच्या दुसऱ्या टोकाला पारधी होता. या तारेच्या दुसऱ्या टोकाला करंजाचा बुंधा."

त्यावर त्याने जे विचारलं तिथे माझं बोलणं थांबलं. "मामा, तुम्ही स्वतः किती रात्री जागलीला गेलात?"

आमच्याकडे पीक राखायला रात्री रानात जाण्याला जागल म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या शेंगांच्या रानात माळा असायचा. चार खांब, वर पालापाचोळ्याचं छप्पर, खाली शेकोटी. रात्री झोपेत मला तिथून पत्र्याचा डबा वाजल्याचा आवाज यायचा आणि सगळं ठीक आहे असं वाटून मी कूस बदलायचो. पण तो डबा आजोबा वाजवत नव्हते, वडीलही नव्हते. वाडीवरचा एक बिनजमिनीचा माणूस वाजवत होता. सुगी झाली की त्याला पायल्यांनी धान्य मिळायचं. त्याची पोरं रात्री बापाशिवाय झोपायची. पुढे ती मोठी झाली आणि इचलकरंजीला मागावर कामाला गेली. बरोबरच केलं त्यांनी. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यानंतर आमच्या माळ्यावर कुणी चढलं नाही. खांब वाळवीने खाल्ले.

म्हणजे ज्या हजेरीचा अभिमान मी भाच्याला ऐकवत होतो ती आमची कधी नव्हतीच. आम्ही दुसऱ्याची झोप पायलीने मोजून विकत घेत होतो. ती मिळायची बंद झाली, आणि तिच्या जागी तार आली. शेजाऱ्याकडे मी नव्याने बघू लागलो. घरात अंथरुणाला खिळलेला बाप, मुलगा पुण्यात, शेतीची वीज आठवड्यातून निम्मे दिवस रात्रीची. ज्या रात्री वीज त्या रात्री तो पाणी पाजतो, आणि ज्या रात्री नाही त्या रात्री झोपतो. त्याने तिसरी रात्र कुठून आणायची? नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, डुक्कर मारायची परवानगीही रीतसर काढता येते, पण कागद हलायच्या आत शेंगा संपतात. फास लावला ते चूकच. ते मी त्याला तोंडावर सांगितलं, आणि पक्कड दाखवून सांगितलं. पण एवढी वर्षं शेजारी राहून त्याच्या बांधावर एक रात्रही न बसलेल्या माणसाने ते सांगितलं, हेही तितकंच खरं.

एकदा हा प्रश्न आपल्याकडे वळला की मग ट्रॅक्टरलाही विचारावा लागतो. दुसऱ्या टोकाला कोण आहे? मी त्याचा आवाज ओळखतो. तो माझा ओळखत नाही. फेस कधी संपतो ते मला कळतं, पण मी उद्या आलो नाही तर त्याला काही कळणार नाही. पंधरा वर्षं मी ज्याला हजेरी म्हणत आलो ती एका लोखंडापुढे लावलेली होती. तेवढ्या संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या माणसाकडे गेल्या असत्या, तर त्याने केबल कशाला मागितली हे मला न विचारताच कळलं असतं. माझ्याच फरकाने मोजलं तर भाच्याने शब्द अचूक वापरला होता. माझा जीव तिथे अडकलेलाच आहे.

हे मी त्याला परवा फोनवर सांगितलं. तो जिंकल्यासारखा बोलला नाही. "घाई करू नका मामा," एवढंच म्हणाला. घाई नाही, पण ट्रॅक्टर विकायचा हे ठरलंय. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होईल. आलेल्या पैशात शेजाऱ्याचे थोडे घालून ओढ्याच्या कडेने दोघांच्या रानाला मिळून सौर कुंपण करायचं. त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. बसवणाऱ्याने आधीच बजावलंय, की तारेखालचं गवत सारखं कापत राहावं लागेल. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत जाते आणि कुंपण नुसतं शोभेला उरतं. म्हणजे विळा घेऊन रोज एक फेरी आलीच. ते ऐकून मला बरं वाटलं.

ते होईपर्यंत आम्ही नवे खांब रोवून माळा उभा केलाय. वीज नसलेल्या रात्री वाटून घेतल्यात, एक त्याची, एक माझी. खंड्याची कमर अजून आखडते, माळ्याची शिडी त्याला चढवत नाही, म्हणून तो खाली शेकोटीपाशी बसतो. माझ्या रात्री तो माझ्याबरोबर येतो. शेजाऱ्याच्या रात्री हातात डबा घेऊन शेजारी आमच्या दारावरून जायला लागला, की खंड्या उठतो, अंग झाडतो आणि त्याच्यामागून चालू लागतो.