ओकचे दार

ऑक्सफर्ड विद्यापीठातील जुन्या कॉलेजांत अध्यापकांच्या खोल्यांना एकापाठोपाठ एक अशी दोन दारे असत. काही ठिकाणी ती आजही आहेत. बाहेरचे दार जाड ओक लाकडाचे. ते उघडे असले तर विद्यार्थ्याने आतल्या दारावर हलकेच वाजवावे. ते लावलेले असले तर गुरुजी आत आहेत हे ठाऊक असूनही आल्या पावली परत फिरावे, असा संकेत. त्यात कोणाला अपमान वाटत नसे. अष्टौप्रहर विद्यार्थ्यांच्या सहवासात राहणाऱ्या माणसालाही थोडा एकांत हवा, हे सर्वांना मान्य होते.

त्या दारापाशीच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. तास संपल्यावर घरी जाणाऱ्या शिक्षकापुढे तो इतक्या तीव्रतेने येत नाही. परंतु जो शिक्षक विद्यार्थ्यांसह एकाच छपराखाली राहतो, त्यांच्याच भोजनगृहात जेवतो, त्याच्याकडे विद्यार्थ्याने किती मागावे? आणि त्याने किती द्यावे?

तिथले कॉलेज म्हणजे आपल्याकडचे कॉलेज नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. आपण तासांना कॉलेजात जातो आणि हॉस्टेल ही वेगळी वस्तू समजतो. ऑक्सफर्डचे कॉलेज हे मुळातच राहण्याचे ठिकाण. पुढे रोचेस्टरचे महागुरू झालेले वॉल्टर डी मर्टन यांनी १२६४ साली आपले कॉलेज स्थापिले, तेव्हा विद्वानांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, एकत्र प्रार्थना करावी, ही त्यांची कल्पना होती. मठजीवनाची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. त्या छायेतच आणखी एक नियम शतकानुशतके टिकला: कॉलेजच्या ‘फेलो’ने विवाह केला की त्याने आपले पद सोडावे. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडातही हा नियम तीनशे वर्षे हलला नाही, याची मला गंमत वाटते.

या व्यवस्थेचा सर्वांत खोल विचार केला तो संत जॉन हेन्री न्यूमन यांनी. १८२२ साली ते ओरिएल कॉलेजचे फेलो झाले आणि १८२६ साली तिथेच ट्यूटर. त्या वेळी ते अँग्लिकन होते. ट्यूटरचे काम केवळ ग्रीक आणि लॅटिन शिकविण्याचे नाही, ते आत्म्यांचा सांभाळ करण्याचे आहे, अशी त्यांची धारणा होती. हरेल फ्राउड आणि रॉबर्ट विल्बरफोर्स हे सहकारीही त्यांच्या बाजूचे. कॉलेजचे प्रमुख एडवर्ड हॉकिन्स यांना मात्र हे मानवेना. एकेका ट्यूटरने मोजके विद्यार्थी आपले म्हणून धरले, तर त्यातून पक्षपात होईल आणि व्यक्तीचा प्रभाव संस्थेहून मोठा ठरेल, अशी त्यांना धास्ती वाटली. १८३० साली त्यांनी न्यूमनकडे नवे विद्यार्थी पाठविणे थांबविले. भांडण झाले नाही, शिक्षा झाली नाही. हातचे विद्यार्थी शिकून बाहेर पडले आणि ट्यूटरपण आपोआप संपले.

आपली सहानुभूती अर्थातच न्यूमनकडे धावते. तरीही हॉकिन्स यांची भीती उडवून लावण्याजोगी नव्हती. एकाच छताखाली राहणारा वडीलधारा ज्या तरुणावर माया करतो, त्याच्यावर त्याची सत्ताही चालते. त्या सत्तेचा दुरुपयोग किती भयंकर होऊ शकतो, हे आपली ख्रिस्तसभा गेल्या काही दशकांत फार मोठी किंमत मोजून शिकली आहे. ती किंमतही बव्हंशी कोवळ्या जिवांनी मोजली. म्हणून निवासी शिक्षकाचे दार उघडे असावे, या मागणीला आज दुहेरी अर्थ आला आहे. गरजू विद्यार्थ्यासाठी ते उघडे असावे आणि बाहेरच्यांना आतले दिसावे म्हणूनही उघडे असावे.

न्यूमननी आपला आग्रह सोडला नाही. कॅथोलिक झाल्यावर ते डब्लिनच्या नव्या कॅथोलिक विद्यापीठाचे रेक्टर झाले. १८५४ साली ते सुरू झाले, तेव्हा हारकोर्ट मार्गावरील घरात ते स्वतः थोड्या विद्यार्थ्यांसह राहू लागले. त्याआधी १८५२ च्या व्याख्यानमालेत त्यांनी एक धक्कादायक तुलना केली होती. एक विद्यापीठ निवासाविना केवळ परीक्षा घेऊन पदव्या देते. दुसरे परीक्षा न घेता तरुणांना तीन-चार वर्षे नुसते एकत्र ठेवते. निवड करायचीच झाली तर आपण दुसरे पसंत करू, असे ते म्हणाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडनच्या धर्तीवर: संलग्न कॉलेजांच्या परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे. आपल्या घरोघरच्या पदव्यांची वंशावळ त्या पहिल्या प्रकाराशी जुळते, हे कित्येकांना ठाऊक नसते.

१८७७ च्या कायद्यानंतर आणि १८८२ च्या सुमारास झालेल्या नव्या नियमांनंतर ऑक्सफर्डचे फेलो विवाह करू लागले आणि हळूहळू कॉलेजबाहेर संसार थाटू लागले. यात अधर्म काहीच नाही. परंतु ओझे मात्र सरकले. आता कॉलेजात राहणारे अध्यापक थोडे. रात्री दोन वाजता कोणी आजारी पडले वा रडू लागले तर उठतो तो बहुधा ‘ज्युनिअर डीन’, म्हणजे स्वतःच संशोधन करणारा एखादा तरुण. जे सकुटुंब राहतात त्यांचे ओझे पत्नीवर आणि मुलांवरही पडते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

याचे अत्यंत बोलके उदाहरण अमेरिकेतले. येल विद्यापीठात १९३३ पासून निवासी कॉलेजे आहेत. प्रत्येकाचा प्रमुख कुटुंबासह तिथेच राहतो. २०१५ साली सिलिमन कॉलेजचे प्रमुख होते निकोलस क्रिस्टाकिस. हॅलोवीनच्या सणाला इतरांना दुखावणारे वेष घालू नयेत, अशी सूचना विद्यापीठाच्या एका समितीने काढली. त्यांच्या पत्नी एरिका याही कॉलेजच्या कामात होत्या. वेषांचा निर्णय तरुणांवरच सोपवू नये काय, असे त्यांनी विद्यार्थ्यांना ई-मेलने विचारले. वांशिक अवहेलना सोसलेल्या अनेकांना हा घाव वाटला. कॉलेजच्या अंगणात विद्यार्थ्यांनी क्रिस्टाकिस यांना घेरले. एका विद्यार्थिनीने त्यांना बजावले की, प्रमुखाचे काम बौद्धिक चर्चा घडविण्याचे नाही, आम्हांला घर देण्याचे आहे. पुढच्या वर्षी उभयतांनी कॉलेजची जबाबदारी सोडली.

तिच्या आरडाओरड्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु तिने मागितले ते खोटे नव्हते. जो अंगणात घर करून राहतो त्याने व्याख्यात्याहून अधिक काही पत्करलेले असते. दुसरीकडे, जिथे वडील मुलाला कधीच विरोध करीत नाहीत ते घर कसले? आपल्या जेवणाच्या पाटावर किती वाद होतात! शिक्षकाने विद्यार्थ्याला सहमती देणे लागत नाही; ऐकून घेणे मात्र लागते, अवेळीही लागते. एवढे ऋण मला निश्चित दिसते. त्यापलीकडे तो विद्यार्थ्याचा बाप नव्हे, आणि बाप होऊ पाहणारा शिक्षक मला जरा धोक्याचाच वाटतो. सेमिनरीत प्राध्यापकांसह एकाच मजल्यावर वर्षे काढलेले माझे धर्मगुरू बंधू याला दुजोरा देतील. आमच्या स्मरणात राहिले ते शांतपणे ऐकणारे.

आपली मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत राहतात. प्रवेश घेताना आपण खोली पाहतो, जेवण पाहतो, फी विचारतो. रात्री तिथे कोण असते आणि त्याच्या दारावर वाजविता येते काय, हे विचारणारे पालक मला क्वचितच भेटले.

न्यूमनच्या चरित्रात एक लहानसा प्रसंग आहे. ओरिएलच्या फेलोशिपची परीक्षा देताना ते इतके खचले की माघार घेण्याच्या बेतात होते. ट्रिनिटी कॉलेजातील त्यांचे ट्यूटर टॉमस शॉर्ट यांनी त्यांना बोलावून घेतले. शॉर्ट त्या वेळी जेवत होते. त्यांनी न्यूमनना शेजारी बसवून आपल्या ताटातले कोकराचे कटलेट खाऊ घातले आणि बोलता बोलता धीर दिला. न्यूमन परीक्षेला परतले. पुढे कॅथोलिक झाल्यावर त्यांनी ऑक्सफर्ड सोडले आणि बत्तीस वर्षे तिथे पाऊल टाकले नाही. १८७८ साली ट्रिनिटीचे सन्माननीय फेलो म्हणून ते पुन्हा गेले, तेव्हा शॉर्ट त्याच कॉलेजात होते. नव्वदीच्या घरात पोहोचलेले, दृष्टी गेलेली. न्यूमन त्यांना भेटायला त्यांच्या खोलीत गेले.