एक चमचा तूप

कुर्डुवाडीला कुणी कुर्डुवाडीसाठी उतरलं, असं निदान आमच्या घराण्यात तरी कधी घडलेलं नाही. तिथं उतरायचं ते पंढरपूरला नाहीतर बार्शीला जायला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून सुरू झाली, तेव्हा ह्या स्टेशनाचं नावच मुळी 'बार्शी रोड' होतं. म्हणजे गावानं स्वतःचं स्टेशनसुद्धा शेजाऱ्याच्या नावावर करून दिलेलं! आता ते अरुंद रूळ गेले, मोठी गाडी आली. पण पुढच्या गाडीची वाट पाहत बसायची परंपरा काही मोडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा भाचा असेच तिथं तीन तास अडकलो. भाचा पुण्यात नोकरीला असतो आणि दोन वर्षांपासून 'व्हीगन' आहे. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी रूढ केला. 'व्हेजिटेरियन' ह्या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरं घेतली, शेवटची दोन घेतली आणि मधलं सगळं गाळलं. त्या गाळलेल्या भागात आमचं दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध आणि माझ्या बहिणीची झोप एवढं सगळं वाहून गेलं.

शहरातल्या हॉटेलांत त्याचं बरं चालतं. तिथं बुफे असतो. एकदा पैसे भरले की कितीही खा. भाचा बशी घेऊन टेबलाला प्रदक्षिणा घालतो, झाकणं उघडतो, पाट्या वाचतो, पनीरला वळसा घालतो आणि उसळ-भात-काकडी गोळा करून परत येतो. त्याच्या वाटणीचे गुलाबजाम मी खातो, त्यामुळे हॉटेलचा हिशेबही चुकत नाही. मुख्य म्हणजे तिथं 'हे का नाही घेतलंत?' असं विचारायला कुणी नसतं.

कुर्डुवाडीच्या खानावळीवर पाटी होती 'पोटभर जेवण'. म्हणजे बुफेच की! फरक एवढाच, की बुफेत आपण अन्नाभोवती फिरतो आणि इथं वाढणारा आपल्याभोवती फिरतो. वाढायला मालकाच्या आईच होत्या, सत्तरीच्या.

"आजी, मला दूध-दही-तूप काही चालत नाही," भाचा म्हणाला.

"पथ्य हाय व्हय?"

"पथ्य नाही."

"मग नवस?"

भाच्यानं गाय, वासरू, दुधाचा धंदा असं सगळं समजावून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं. "वासराचं दूध वासरानं प्यावं, खरं हाय तुजं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग ताट आलं. ज्वारीची गरम भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, कांदा आणि उखळात कुटून तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी. गंमत अशी, की जे जेवण शोधायला भाचा पुण्यात पायपीट करतो, ते ह्या मुलखातला गरीब माणूस पिढ्यान् पिढ्या जेवत आला आहे. त्यामागे तत्त्व नव्हतं. घरातलं दूधदुभतं विकायला जायचं, एवढंच.

दोन भाकऱ्या झाल्यावर मी हात धुवायला उठलो. मोरीच्या वाटेवर स्वयंपाकघर होतं. पाहतो तो आजी आमटीच्या एका वाटीत चमचाभर तूप घालून ढवळताहेत! मला पाहून त्या हळूच म्हणाल्या, "पोर पार वाळलंय वं." आणि वाटी घेऊन निघाल्या.

मंडळी, असल्या वेळी माणसाला विचार करायला दहा पावलांचा अवधी मिळतो. सांगावं, तर चार लोकांत म्हातारीचा पाणउतारा. न सांगावं, तर भाच्याची फसवणूक. अजाणता मोडलेला उपास मोडत नाही, असं आमची आई म्हणायची. आणि तूप तर कधीच कढून झालेलं. भाच्यानं ते खाल्लं काय, न खाल्लं काय, वासराला दूध थोडंच परत मिळणार होतं? पाच पावलांत माझं मत जवळजवळ झालंच होतं, की गप्प बसावं.

तेवढ्यात मनात आलं, की मी जन्माचा शाकाहारी. असाच कुणी मायेनं माझ्या आमटीत चमचाभर मटणाचा रस्सा ढवळून दिला असता तर? अंगावर काटाच आला! म्हणजे माझा नेम बापजाद्यांकडून आलेला म्हणून वजनदार, आणि ह्या पोरानं स्वतः विचार करून घेतलेला म्हणून हलका? खरं तर उलटच असायला हवं. चातुर्मासात वांगं-कांदा सोडणाऱ्याला आपण हसत नाही, मग ह्याच्याच वाटीत चमचा घालायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मी पुढं होऊन म्हटलं, "आजी, ती वाटी इकडं द्या. त्याचं चटणीवर बरं चाललंय."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. वाटी माझ्यापुढं ठेवली. आत गेल्या आणि शेंगदाण्याच्या तेलाची बुधली घेऊन आल्या. भाच्याच्या चटणीवर चांगली धार धरली आणि म्हणाल्या, "ह्ये तरी चालतंय न्हवं?"

"पळतंय!" भाचा म्हणाला आणि त्यानं तिसरी भाकरी मागितली. मायेला वाट हवी असते. ती तुपातूनच गेली पाहिजे असा काही तिचा हट्ट नसतो.

फलाटावर आल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, डॉक्टरांनी तुझं तूप बंद केलंय ना?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मला तर कळलंही नसतं."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तात्पर्य काय, तर आजींची माया राहिली, भाच्याचं व्रत राहिलं आणि कोलेस्टेरॉल माझं वाढलं. गाडी अर्थातच आणखी पाऊण तास लेट होती.